अंगाला काय वाटलं

श्रावण सरत आला की एके दिवशी भरदुपारी परळच्या आमच्या रस्त्यावर एक ट्रक येऊन उभा राहतो. मागचं फळकं खाली पडतं आणि लोखंडी बॅरिकेड एकापाठोपाठ एक रस्त्यावर आपटायला लागतात. तो आवाज ऐकून समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येतात. कुणाला गावाहून येणारे पाहुणे आठवतात, कुणाला राहिलेली साफसफाई. कार्यशाळांमधून ओल्या रंगाचा वास येत असतो. लालबाग-परळचा सण त्या आवाजाने सुरू होतो. मी मात्र खिडकी लावून घेते. सहा वर्षं झाली, अजून घेते.

सगळे म्हणतात गणपतीचे दिवस. माझ्या लेखी ते बंदोबस्ताचे दिवस आहेत. मी गिरगावात वाढले, वडील एका कचेरीत हेडक्लार्क. पोलीस म्हणजे लहानपणी माझ्यासाठी दोरीच्या पलीकडचा नुसता खाकी रंग होता. विसर्जनाला आम्ही चौपाटीकडे निघालो की आई म्हणायची, "त्यांच्या मध्ये मध्ये करू नका." त्या खाकी रंगाला पाय असतात, ते दुखतात, हे मला चाळिशीत कळलं. तेही संशोधनाच्या निमित्ताने.

आम्ही चौघं होतो. मी समाजशास्त्र शिकवते. विश्वनाथन संख्याशास्त्राचे. एक डॉक्टरबाई होत्या, एक वकील होते. पोलीस सुधारणा म्हटलं की कायदे, समित्या, निकाल यांच्यावरच बोललं जातं. आम्ही ठरवलं की आपण पायांपासून सुरुवात करू. सोळा-सोळा तास उभा राहिलेला माणूस समोरच्या माणसाशी कसा वागतो, त्याचा हात कधी उठतो, त्याचा आवाज कधी चढतो, त्याआधी त्याच्या शरीरात काय काय झालेलं असतं, हे चार शास्त्रांनी मिळून बघायचं. परवानगी मिळायला वर्ष गेलं. मिळाली तेव्हा आम्ही डॉक्टरबाईंच्या घरी बसून श्रीखंड खाल्लं.

लालबागच्या आसपास बंदोबस्ताला असलेल्या शिपायांना आणि हवालदारांना आम्ही खिशात मावेल अशी एकेक वही दिली. तीत रकाने आखलेले होते. वेळ, जागा, काय केलं. आणि शेवटचा रकाना होता 'अंगाला काय वाटलं'. तो माझ्या डोक्यातून आलेला. छापखान्यातल्या माणसाने दोनदा फोन करून विचारलं होतं, मॅडम, हे असंच छापायचं ना?

पहिले दोन दिवस वह्या कोऱ्या आल्या. मग मी रोज जाऊन त्यांच्यात उभी राहायला लागले. भाद्रपदातली ती विचित्र हवा, दहा मिनिटं सर पडायची आणि लगेच डांबरातून वाफ निघायची. भिजलेल्या खाकीचा वास मला तेव्हा ओळखू यायला लागला, ओल्या गोणपाटासारखा. मंडळाच्या लोकांनी वाटलेला वडा हातात धरून उभ्याउभ्या खाणारी माणसं. बुटातून मोजे काढून बॅरिकेडवर पिळणारी. पाणी न पिणाऱ्या बायका, कारण प्यायलं तर जायचं कुठे. मी सगळ्यांना एकच सांगत होते, "खरं लिहा. वही आमच्याशिवाय कुणी बघणार नाही."

आणि ते लिहायला लागले. 'पाय नाहीत असं वाटलं.' 'लघवी धरून ठेवली, मग ताप आल्यासारखं.' 'एका बाईने पाण्याची बाटली दिली, बरं वाटलं.' एकाने लिहिलं होतं, 'म्हाताऱ्याला ढकललं. तो काही बोलला नाही. पप्पांसारखा होता. दिवसभर छातीत धडधड.' मी ती वाक्यं घरी येऊन मोठ्याने वाचायची. मला वाटायचं, ज्या माणसाला स्वतःच्या अंगाचं खरं सांगायची सोय नाही, तो दुसऱ्याची तक्रार कशी ऐकणार? सुधारणा असलीच तर इथून होईल. त्या दिवसांत मी आनंदी होते, हे आता सांगायला जड जातं.

रेश्मा परब त्यांच्यातली. एकोणतीस वर्षांची, महिला शिपाई, सासर शिवडीला. नवरा तिकडेच एका गोदामात सुपरवायझर. तिची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. प्रसूतीची रजा संपायच्या आत तिला सणासाठी बोलावून घेतलं होतं. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मॅडम, मला अहोजाहो नका करू. कसंतरी होतं."

तिचा पॉइंट बाजाराच्या बाजूला, एका पिठाच्या गिरणीसमोर. दुपारी तीनच्या सुमाराला तिची सासू बाळाला घेऊन यायची. काळाचौकीपासून पुढे रस्ता बंद, म्हणून ती म्हातारी तिथून चालत यायची, पदराखाली बाळ, हातात छत्री. गिरणी दुपारची बंद असे. मालक शटर अर्धं वर करून द्यायचा. रेश्मा आत गव्हाच्या पोत्यावर बसून लेकीला पाजायची. वीस मिनिटं. तेवढा वेळ तिच्या जागी हवालदार मोहिते दोन्हीकडे बघायचे. निवृत्तीला पाच महिने राहिलेला हा माणूस, सगळे त्यांना मामा म्हणत.

एकदा मी सासूबाईंजवळ शटरबाहेर उभी होते. म्हटलं, "बाटली नाही का घेत ती?"

"बाटलीक तोंड लावणा नाय," त्या म्हणाल्या. "आवशीचो वास व्हयो तिका. भूक काय बंदोबस्त बघता?"

रेश्मा बाहेर आली तेव्हा तिच्या खाकीवर पाठीमागे पीठ लागलेलं होतं. मामांनी बोटाने खूण केली. ती हसली, मला म्हणाली, "मॅडम, जरा झटका ना." मी तिची पाठ झटकली. पांढरी पूड उन्हात उडाली. तिने वही काढून तिथेच लिहिलं. 'तीन दहा ते तीन तीस, बाळाला पाजलं. पॉइंट मोहितेमामांकडे. अंगाला हलकं वाटलं.' इतकं स्वच्छ कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही. शाबासकी दिली मी तिला.

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. आम्ही प्राथमिक निष्कर्ष तयार केले. ते खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे मांडायचे होते. त्या दिवशी सकाळी विश्वनाथननी छापलेले तक्ते माझ्या हातात दिले. पाचव्या तक्त्यात पॉइंट सोडण्याची कारणं होती, विभागवार, स्त्री-पुरुष, मुलाच्या वयानुसार. सगळीकडे मोठे आकडे. बाजाराकडचा विभाग, स्त्री, मूल सहा महिन्यांखालचं, कारण अंगावर पाजणं, या चौकोनात नुसता एक.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. म्हटलं, "सर, हा एकटा दिसतोय. ही ओळ काढू या का?"

ते म्हणाले, "काढली तर बेरीज जुळणार नाही. आणि नाव कुठे आहे त्यात?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. त्यावरच तर आपण अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी जागा मागतोय."

वकील म्हणाले, "संशोधनातली माहिती पुरावा म्हणून वापरता येत नाही, तसं पत्रच आहे आपल्याकडे."

तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. त्या चौकोनामागचा चेहरा फक्त मला माहीत होता. तेवढंच माझं शास्त्र होतं आणि मी गप्प बसले. साडेदहाला सभा होती, टॅक्सी खाली उभी होती. यापेक्षा मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

सभा चांगली झाली. गार खोली, चहा, बिस्किटं. मधल्या खुर्चीवरचे अधिकारी सभ्य होते, चष्मा लावून पानन् पान वाचत होते. पाचव्या तक्त्यावर त्यांची पेन्सिल थांबली. "हा विभाग म्हणजे बाजाराकडचा ना?"

"हो सर," विश्वनाथन म्हणाले. कुणीतरी इतकं लक्ष देऊन वाचतंय याचा त्यांना आनंद झाला होता. मला तो त्यांच्या आवाजात ऐकू आला. मी चहाचा घोट घेतला. चहात वेलची होती.

पुढच्या आठवड्यात रेश्मा माझ्या खोलीत आली. साध्या ड्रेसमध्ये मी तिला लगेच ओळखलं नाही. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. कर्तव्याच्या ठिकाणावरून विनापरवानगी गैरहजर, खुलासा करावा. मोहितेमामांनाही तसाच कागद, कर्तव्यात कसूर केल्याबद्दल.

"मॅडम, वही कुणी बघणार नाही म्हणाला होतात."

"वही कुणी बघितली नाही," मी म्हणाले. मग मी तिला तक्त्याचं सांगितलं. तिला ते समजायला एक मिनिट लागलं.

"म्हणजे पाच महिन्यांचं मूल असलेली तिथे मी एकटीच," ती म्हणाली.

"हो."

ती रडली नाही. तिने कागदाची होती तशी घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन आठवतं. सभेतल्या त्या अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरचं लाकडी बाक आठवतं, त्याचा एक पाय आखूड होता. तीन वेळा मी त्या बाकावर बसले. पहिल्या दोन वेळा साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांदा भेटले. वकिलांनी लिहिलेलं पत्र त्यांनी शांतपणे वाचलं.

"मॅडम, तुमची माहिती आम्ही वापरलेलीच नाही," ते म्हणाले. "आम्ही आमच्या पद्धतीने कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं. त्यात ती रोज आत जाताना दिसते."

"पण बघायचं कुठे, ते आमच्यामुळे कळलं."

त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, "सर, थोड्या वेळासाठी सगळेच जातात. पाणी प्यायला, मुतारी शोधायला. तिला एकटीला शिक्षा का?"

"सगळे जातात म्हणता? असेल. मग नावं द्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सगळ्यांना सारखा नियम लावू."

मी बाहेर आले. जिन्यात भिंतीला हात लावून उभी राहिले. एक शिपाई थांबून म्हणाला, "मॅडम, पाणी देऊ का?"

रेश्माला मी हे सांगितलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, "आहेत ना तुमच्याकडे सगळ्यांच्या वह्या? दाखवा मग. त्यांना नाही का कळायला पाहिजे की मी एकटी नाही?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. ती म्हणाली, "माझं जगाला दिसलं तेव्हा चाललं. बाकीच्यांचं मात्र जपून ठेवायचं."

वह्या माझ्या खोलीतल्या स्टीलच्या कपाटात होत्या, किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार लावून घेतलं आणि सगळ्या वह्या काढून पुन्हा वाचल्या. सगळ्यांनी कधी ना कधी जागा सोडली होती. कुणी औषध घ्यायला, कुणी ओकायला, कुणी नुसतं दहा मिनिटं जिन्यात बसून डोळे मिटायला. तिच्या निर्दोषपणाचा पुरावा पानोपानी होता. तो बाहेर काढायचा तर या सगळ्यांना तिच्याच रांगेत उभं करावं लागणार होतं. त्यांनीही माझ्याच शब्दावर लिहिलं होतं. मी वह्या एका पिशवीत भरल्या, पिशवी टेबलावर ठेवली. मग परत काढल्या. असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेवटी मोहितेमामांना फोन लावला.

ते परळला एका चहाच्या दुकानात भेटले. गणवेशात नव्हते, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. मी सगळं सांगितलं. ते बशीत चहा ओतून गार होईपर्यंत ऐकत राहिले.

"बाई, कपाट उघडू नका," ते म्हणाले.

"मग रेश्माचं काय?"

"मी लिहून देतोय. मी तिला जा म्हणालो. माझ्या हुकमाने ती गेली."

"खरं आहे ते?"

"खरंच आहे की. पहिल्या दिवशी ती जायला तयार नव्हती. पोरगी शटरजवळ रडत होती. मीच म्हटलं, जा गं, भुकेली आहे ती." त्यांनी बशी तोंडाला लावली. "माझी दोन्ही पोरं मी फक्त झोपलेली बघितली, बाई. निघायचो तेव्हा झोपलेली, यायचो तेव्हा झोपलेली. मोठी कधी झाली कळलं नाही. त्या पोरीला तरी..."

"मामा, चार महिने राहिलेत तुमचे."

"तेच तर. माझं काय वाकडं करणार?"

पण वाकडं झालं. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका आला. इतकी वर्षं कोरं असलेलं ते पुस्तक शेवटच्या पानावर डागाळलं. निरोप समारंभ त्यांनी स्वतःच नको म्हटला. शेवटच्या दिवशी कपाटातला डबा आणि एक टॉवेल घेऊन ते निघून गेले, असं मला नंतर रेश्माच्या मैत्रिणीकडून कळलं. आता ते संगमेश्वरकडे गावी असतात. मी त्यांना दोनदा पत्र लिहायला बसले. दोन्ही वेळा मजकूर अहवालासारखा व्हायला लागला, म्हणून फाडला.

रेश्माला ताकीद मिळाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली. शिवडीहून जायला दोन तास, यायला दोन तास. तिने माझे फोन घेणं बंद केलं.

आमचा अहवाल छापून आला. कौतुक झालं. चार विद्याशाखा एकत्र आल्याचा नमुना म्हणून आम्हाला परिषदांना बोलावलं गेलं. छापील अहवालात पाचव्या तक्त्यातली ती ओळ नाही. आम्ही शिकलो. शिफारशींमध्ये बंदोबस्ताच्या जागी बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असावा, असं एक वाक्य आहे. मी प्रोफेसर झाले. टाळ्या वाजत असताना मला कधी कधी त्या वेलचीच्या चहाची चव येते आणि समोरचं पाणी प्यावं लागतं.

यंदा पुन्हा तसाच अभ्यास निघाला आहे. माझी विद्यार्थिनी केतकी तो करते आहे. हुशार, मनापासून काम करणारी मुलगी. परवा ती वह्यांचा गठ्ठा घेऊन आली, चेहरा पडलेला. एकेक वही तिने माझ्यापुढे उघडून ठेवली. वेळ, जागा, सगळं भरलेलं. शेवटच्या रकान्यात प्रत्येक पानावर, प्रत्येकाच्या हस्ताक्षरात एकच शब्द होता, 'निरंक'. सरकारी कागदावर काही नसलं की लिहितात तो.

"मॅडम, खरंच कुणाला काही होत नसेल का?" तिने विचारलं.

मी तिला बस म्हटलं आणि स्वतः उठून चपला घातल्या. रेश्मा पुन्हा लालबागकडे आली आहे, हे मला कळलं होतं. इतके दिवस मी तो रस्ता टाळत होते.

ती बॅरिकेडपाशी उभी होती. थोडी जाड झालेली, केसांत एक पांढरी बट. दुपारची वेळ, रांग संथ सरकत होती. तिने मला बघितलं, ओळखलं, आणि आधी रांगेतल्या एका बाईच्या कडेवरचं मूल दोरीपासून बाजूला करायला सांगितलं. मग म्हणाली, "बोला मॅडम."

"कशी आहेस?"

"आहे."

"मुलगी?"

"पहिलीत गेली."

मी निरंकचं सांगितलं. ती रांगेकडेच बघत होती.

"मीच सांगते नव्या मुलींना," ती म्हणाली. "वही आली की निरंक लिहायचं. त्याला नोटीस येत नाही."

"बरोबर करतेस," मी म्हणाले. "रेश्मा, मी त्या दिवशी ती ओळ बघितली होती. सभेच्या आधी. मला कळलं होतं ती तू आहेस. मी थांबवू शकले असते."

तिने मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. सहा वर्षांत मी हे वाक्य कुणालाच सांगितलेलं नव्हतं, स्वतःलाही पुरतं नाही. ती रागावेल, निदान काही बोलेल, असं वाटलं. रांगेतून कुणीतरी चप्पल तुटली म्हणून ओरडलं. तिने त्याला बाजूला घेतलं, दोरी उचलून पलीकडे सोडलं आणि परत आली.

"नोटीस आली त्या आठवड्यात माझं दूध आटलं, मॅडम," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणाली टेन्शन घेऊ नका. पोरगी रात्रंदिवस छातीला चिकटायची आणि रडायची. काही यायचं नाही. सासूने मेथीचे लाडू केले, हळीव दिले. नाही आलं. हे तुम्ही कुणी विचारलं नाही."

मी नाही विचारलं. चौघांपैकी कुणीच नाही. मी तिथे उभी होते आणि माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. मी विचारलं, "हे मी लिहिलं तर चालेल? नाव बदलून, सगळं बदलून."

तिने शिट्टी ओठांपर्यंत नेली, मग खाली घेतली.

"लिहा," ती म्हणाली. "आता आटायचं काय राहिलंय."